पासष्ट मेंढ्यांची पावती
(प्रस्तावना)

मोडी वाचायला शिकत होतो तेव्हाची गोष्ट. समोर पेशवाईतला एक साधा कागद होता, सरकारी जनावरांच्या चाऱ्याबद्दलचा. मजकूर कसाबसा लागला, पण तारीख काही लागेना. 'छ' असं एक अक्षर, पुढे आकडा आणि त्यापुढे 'जमादिलावल'. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "छ दिसला की चांद्रतारीख समजायची. महिना मुसलमानी. आणि वर जो सन आहे तो शुहूर सन, त्यातले आकडे अरबी. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन." लिहिणारा कारकून ब्राह्मण, ज्याच्या नावाने कागद निघाला तो पेशवाही ब्राह्मण, मग तारीख अरबी कशी, असं मी विचारलं. चष्मा पुसत ते म्हणाले, "राज्यं बदलतात हो, दप्तर इतक्या लवकर बदलत नाही."

पुढे बऱ्याच वर्षांनी व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या एका पपायरसचं छायाचित्र पाहण्यात आलं. वर ग्रीक मजकूर, खाली अरबी. इजिप्त नुकताच जिंकलेल्या अरब फौजेच्या एका सरदाराने स्थानिक अधिकाऱ्यांना दिलेली ती पावती आहे. फौजेच्या खाण्यासाठी मेंढ्या घेतल्या, आधी पन्नास, वर आणखी पंधरा, एकूण पासष्ट. खाली तारीख आहे, महिना जमादिलावल, वर्ष बावीस. कशाचं बावीस ते लिहिलेलं नाही, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक होतं. इसवी सनाच्या हिशेबाने हे वर्ष ६४३. मदीनेत त्या वेळी हजरत उमर इब्न खत्ताब खलिफा होते, आणि हा सन सुरू करून त्यांना जेमतेम पाच वर्षं झाली होती.

जिंकलेल्या फौजेने मेंढ्या न्याव्यात यात नवल काहीच नाही. फौजा नेतातच. पण नेलेल्या मेंढ्यांची पावती द्यावी? इजिप्तमध्ये कागदपत्रांची सवय रोमन काळाच्याही आधीपासूनची, हे मला माहीत आहे. ती ग्रीक ओळ लिहिणारा कारकूनही जुन्याच राजवटीतला असणार. सगळं श्रेय मदीनेला देण्याचं कारण नाही. तरीही प्रस्तुत चरित्र वाचताना ही पावती माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही. उमर या माणसाचा स्वभाव एका शब्दात सांगायचा तर मी 'हिशेब' हा शब्द निवडेन, आणि हा शब्दही मराठीला अरबीतूनच मिळालेला आहे. तारीख, महसूल, अंमल हेही तिकडचेच. 'दिवाण' मूळचा फारसी, पण राज्यकारभारातलं त्याचं वजन त्याला मिळालं ते उमर यांच्या दप्तरात.

उमर यांचा जन्म मक्केतला, साधारण ५८४ सालचा. कुरैश टोळीतलं बनू अदी हे त्यांचं कूळ, प्रतिष्ठित, पण पहिल्या मानाचं नव्हे. वडील खत्ताब अतिशय कडक. पोराला उंट राखायला पाठवायचे, कामात कसूर झाली की मारायचे. पुढे खलिफा झाल्यावर एकदा त्याच माळावरून जाताना उमर थांबले आणि बरोबरच्यांना म्हणाले, की इथे मी खत्ताबचे उंट राखत असे, आणि आज माझ्या आणि अल्लाहच्या मध्ये कोणी नाही. वाचणाऱ्याला वाटतं, केवढी ही बढती. मला मात्र त्यात मार खाल्लेल्या मुलाचा सूर ऐकू येतो. आता मारायला वरचा एकच उरला, आणि तो खत्ताबपेक्षा कडक.

उंच, धिप्पाड, डोक्यावर टक्कल, दोन्ही हातांनी सारखं काम करणारे, उकाजच्या जत्रेत कुस्ती खेळणारे, आणि त्या काळच्या मक्केत मोजक्याच लोकांना येणारं लिहिणं-वाचणं येणारे. पैगंबरांच्या नव्या धर्माचे ते पहिली काही वर्षं कट्टर वैरी होते. तलवार घेऊन पैगंबरांना मारायला निघाले असता वाटेत कोणीतरी सुनावलं, आधी आपलं घर बघ, तुझी बहीण आणि मेहुणा दोघेही मुसलमान झालेत. ते तसेच बहिणीकडे गेले. आत कुराणाचं पठण चालू होतं. मेहुण्यावर हात टाकला, बहीण फातिमा मध्ये पडली, तिला लागलं, रक्त आलं. रक्त पाहिल्यावर हात खाली आला आणि ते म्हणाले, काय वाचत होतात ते मला दाखवा. कुराणातला 'ताहा' हा अध्याय होता तो.

हा प्रसंग धर्मांतराची कथा म्हणून सांगितला जातो, आणि ती आहेच. पण चरित्रलेखिकेने इथे एक गोष्ट नेमकी पकडली आहे. उमर यांच्या आयुष्यात हा क्रम पुन्हा पुन्हा येतो. आधी हात उठतो, मग काहीतरी दिसतं, मग हात खाली येतो, आणि त्यानंतर स्वतःचा झाडा घेणं सुरू होतं. ६२८ साली हुदैबियाच्या तहाच्या वेळी ते पैगंबरांशी वाद घालतात आणि त्या उद्धटपणाची भरपाई म्हणून पुढे कित्येक दिवस उपास आणि दानधर्म करतात. ६३२ साली पैगंबर वारले तेव्हा, जो कोणी ते वारले म्हणेल त्याला बघून घेईन, असं मशिदीत ओरडतात आणि पैगंबरांचे जुने सोबती अबू बक्र शांतपणे बोलायला लागल्यावर पाय गळून खाली बसतात. शांत माणसं आयुष्यभर शांत असली तर त्यात त्यांचं फारसं कर्तृत्व नसतं. उमर यांना शांत व्हावं लागे.

६३४ साली अबू बक्रांनंतर खिलाफत त्यांच्याकडे आली. पुढच्या दहा वर्षांत काय घडलं याची यादीच छाती दडपून टाकणारी आहे. ६३६ मध्ये यर्मूकला रोमन फौज मोडली, त्याच सुमाराला कादिसियाला इराणी. जेरुसलेम, मग इजिप्त, मग ६४२ साली नहावंद. या लढायांचं वर्णन पुस्तकात सविस्तर आहे, मी त्यात शिरत नाही. खरं सांगायचं तर मला लढायांत गोडी नाही, आणि उमर स्वतः यांपैकी एकाही लढाईत नव्हते. ते मदीनेत बसून पत्रं लिहीत होते. विजयांमागून विजय मिळवणाऱ्या खालिद इब्न वलीदला त्यांनी सेनापतिपदावरून दूर केलं. लोक विजयाचं श्रेय अल्लाहऐवजी खालिदला देऊ लागले होते, असं त्याचं एक कारण सांगितलं जातं. खालिदच्या हाती पैसा सढळ होता, हे दुसरं कारण. मला दुसरं अधिक पटतं.

एका पत्राचा संबंध आपल्या ठाण्याशी आहे, आणि ते मराठी वाचकाला माहीत असायला हवं. नवव्या शतकातल्या बलाझुरीने लिहून ठेवलंय, की उमर यांनी ६३६च्या सुमारास बहरीन आणि ओमानवर नेमलेला सुभेदार उस्मान सकफी याने परस्पर एक आरमारी तुकडी 'ताना'वर, म्हणजे ठाण्यावर पाठवली. तुकडी परत गेली, आणि त्याने मोठ्या हौसेने खलिफांना कळवलं. उत्तर आलं ते झोंबणारं. तू किडे लाकडावर चढवून समुद्रात सोडलेस. ती माणसं बुडाली असती तर तेवढीच माणसं मी तुझ्या जमातीतून वसूल केली असती. ठाण्यावर आलेल्या त्या अरब गलबतांची हकिगत अशी एका दटावणीत संपते. तिथलं राज्य कोणाचं, लूट किती मिळाली, याची चौकशी नाही. माणसं किती होती आणि किती परतली, एवढंच. सीरियाच्या मुआवियाने सायप्रसवर जायची परवानगी मागितली तेव्हाही ती त्यांनी दिली नाही.

आता दप्तराकडे येऊ, कारण या माणसाची खरी ओळख तिथे होते. पैसा अचानक येऊ लागला. आला तसा वाटून टाकायचा की कसं, यावर खल झाला आणि 'दिवान' नावाची नोंदवही सुरू झाली. प्रत्येकाचं नाव, त्याची जमात, आणि वर्षाला किती द्यायचं ते. बद्रच्या लढाईत असलेल्यांना पाच हजार दिरहम, पुढच्यांना उतरत्या क्रमाने. स्वतःच्या मुलाला, अब्दुल्लाहला, त्यांनी उसामा नावाच्या एका तरुण सोबत्यापेक्षा कमी लावले. मुलाने विचारलं तेव्हा म्हणाले, त्याचा बाप पैगंबरांना तुझ्या बापापेक्षा अधिक प्रिय होता. घरात जेवायला बसल्यावर असं उत्तर ऐकणाऱ्या मुलाचं काय होत असेल, कोण जाणे.

तारखेचा घोळही इथलाच. कागदावर नुसतं 'साबान' लिहून येई. कुठला साबान, गेलेला की येणारा? एका सुभेदारानेही तक्रार केली, की तुमची पत्रं येतात पण त्यांवर काळ नसतो. वर्ष मोजायचं, तर कुठून? पैगंबरांच्या जन्मापासून, मृत्यूपासून, की पहिल्या साक्षात्कारापासून? ठरलं ते मक्केहून मदीनेला केलेल्या स्थलांतरापासून, म्हणजे ६२२पासून. एका महापुरुषाच्या जन्मापासून काळ न मोजता एका समाजाने घर सोडलं त्या वर्षापासून मोजायचा, हा निर्णय मोठा आहे. पण तो कारकुनी अडचणीतून निघाला, हे मला जास्त आवडतं. त्या हिजरी सनातूनच चौदाव्या शतकात आपल्या दख्खनचा शुहूर सन फुटला, आणि म्हणून चाऱ्याच्या कागदावर जमादिलावल आला.

इराकच्या जमिनीचा निवाडा याहून मोठा. सैनिकांचं म्हणणं होतं, आम्ही जिंकली, आम्हाला वाटून द्या. रीत तशीच होती. उमर अडून बसले. आज वाटली तर उद्या जन्माला येणाऱ्यांना काय राहील? वाद कित्येक दिवस चालला, बिलालसारखे जुने सोबती विरुद्ध उभे राहिले. अखेर जमीन कसणाऱ्यांकडेच ठेवायची आणि तिच्यावर सारा घ्यायचा असं ठरलं. मोजणीला दोन माणसं पाठवली, उस्मान इब्न हुनैफ आणि हुजैफा. तीन कोटी साठ लाख जरीब भरली. कोणतं पीक, पाणी कसलं, यावर आकारणी. जमाबंदीच्या नावाने आपण मलिक अंबर आणि तोडरमल यांची आठवण काढतो, तशी या दोन मोजणीदारांचीही काढायला हरकत नाही.

सुभेदार नेमताना त्याच्या मालमत्तेची यादी करून ठेवायची, आणि परतताना जास्त निघाली तर अर्धी खजिन्यात जमा. दारावर पहारेकरी नको, तलम कपडे नकोत, चाळलेल्या पिठाची भाकरी नको. कूफ्याच्या सुभेदाराने, साद यांनी, वाड्याला दार बसवलं. बाजाराचा गलका फार होतो, ही त्यांची सबब होती. मदीनेहून मुहंमद इब्न मस्लमा आला, लाकडं विकत घेतली, दार जाळलं आणि आल्या पावली परत गेला. तक्रारदाराला अडवणारं दार नको हे खरं, पण हे साद म्हणजे कादिसियाचे विजेते. त्यांच्या देखत दार जाळायचं! उमर यांना माणसांचा अपमान करण्याची भीती वाटत नसे, हा गुण म्हणावा की दोष, हे वाचकाने आपापलं ठरवावं.

लेखिकेशी माझा एक वाद झाला, तो इथे नोंदवतो. रात्री मदीनेबाहेर फिरताना उमर यांना एक बाई चुलीवर भांडं ठेवून बसलेली दिसते, भोवती पोरं रडताहेत, ती भुकेने. भांड्यात दगड आहेत, असं पुस्तकाच्या पहिल्या खर्ड्यात होतं. प्रवचनांतूनही तसंच ऐकू येतं. तबरीच्या इतिहासात दगड नाहीत, नुसतं पाणी आहे. मी म्हटलं, दगड काढा. त्या म्हणाल्या, लोकांच्या मनात दगडच आहेत. पण पाणी जास्त खरं वाटतं हो. उकळत्या पाण्याचा आवाज ऐकत पोरं झोपी जातात, दगडाची गरज कशाला? शेवटी त्यांनी दगड काढले. पुढचं सगळं मात्र तसंच आहे. उमर कोठारात जातात, पिठाचं पोतं आणि चरबी काढतात, पोतं माझ्या पाठीवर चढव म्हणतात. नोकर अस्लम म्हणतो, मी घेतो. ते विचारतात, कयामतीच्या दिवशी माझं ओझं तू घेणार आहेस का? मग स्वतः चूल फुंकतात. अस्लमने एक बारीक गोष्ट सांगून ठेवली आहे. फुंकताना धूर त्यांच्या दाढीतून निघत होता. या एका वाक्यामुळे ही गोष्ट मला खरी वाटते. दाढीतला धूर कोणी रचत नाही. पोरं जेवली, तरी हे गेले नाहीत. अंधारात दूर उकिडवे बसून राहिले, ती हसेपर्यंत.

बाळाच्या वेतनाची गोष्ट याच जातीची आहे. नियम असा होता, की मूल अंगावरून तुटलं की त्याचं नाव दिवानात लागेल. एका रात्री एक तान्हं मूल रडायचं थांबेना. आई म्हणाली, दूध तोडतेय, खलिफा तुटलेल्या मुलालाच पैसे देतात. पहाटेच्या नमाजात उमर यांच्या रडण्यामुळे लोकांना त्यांचं पठण नीट ऐकू आलं नाही. त्याच दिवशी दवंडी फिरली, वेतन जन्मापासून. मायाळू राज्यकर्त्याची गोष्ट म्हणून ती सांगतात. मला ती चुकलेल्या नियमाची गोष्ट वाटते. कलम लिहिणाऱ्याला आपलं कलम एका बाळाच्या घशात अडकलेलं ऐकू आलं.

इतक्या गोष्टी या माणसाभोवती जमल्या, की त्यांतल्या कोणत्या धरायच्या हा प्रश्न पडतोच. इब्न साद ८४५ला वारला, बलाझुरी ८९२ला, तबरी ९२३ला. उमर यांच्यामागे दोनशे वर्षांनी लिहिणारे हे लोक. अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय उमर यांच्या हुकमाने जाळलं, ही कथा तर तेराव्या शतकातली. आजचे इतिहासकार ती मानत नाहीत. ख्रिस्ती प्रजेवर अपमानास्पद अटी घालणारा एक करारही त्यांच्या नावावर आहे, तोही बहुतेक अभ्यासक नंतरचा मानतात. उर्दूत शिबली नोमानींनी हा सगळा कोंडा पाखडायचा पहिला मोठा प्रयत्न केला. त्यासाठी १८९२ साली ते इस्तंबूल, कैरो, सीरियापर्यंत हस्तलिखितं बघत हिंडले आणि मग 'अल-फारूक' लिहिलं. याच शिबलींचा पुढे आपल्या जंजिऱ्याच्या नवाब घराण्याशी स्नेह जडला. मराठीत मात्र त्या तोडीचं काही नव्हतं.

भक्तीने लिहिलेल्या चरित्रांत जे गाळलं जातं ते या पुस्तकात गाळलेलं नाही. पैगंबरांचं दफनही व्हायचं असताना सकीफाच्या मांडवात अबू बक्रांची निवड घडवून आणण्यात उमर पुढे होते. शिया मुसलमानांच्या मते तो पैगंबरांचे जावई अली यांच्यावर झालेला अन्याय, आणि ती जखम आजही ओली आहे. खैबरच्या ज्यूंना आणि नजरानच्या ख्रिस्त्यांना त्यांनी अरबस्तानाबाहेर काढलं. दुसरीकडे, भीक मागणारा म्हातारा ज्यू दिसला तेव्हा, तरुणपणी याच्याकडून कर घ्यायचा आणि म्हातारपणी सोडून द्यायचं हा न्याय नव्हे, असं म्हणून खजिन्यातून त्याची सोय लावली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. एकीने दुसरी फिटत नाही. हातातल्या छडीचा तर मदीनेतल्या लोकांना, विशेषतः बायकांना, धाकच होता.

आणि तरी दुष्काळ पडला तेव्हा, ज्या वर्षाला अरब 'राखेचं वर्ष' म्हणतात तेव्हा, लोकांना मिळेपर्यंत तूप खायचं नाही असं त्यांनी ठरवलं. तेलावर राहिले, गोरा रंग काळवंडला. पोट गुरगुरलं की पोटावर बोट टेकवून म्हणत, गुरगुर किती ते, लोकांना मिळाल्याशिवाय तुला मिळायचं नाही. उपाशी माणसाने चोरी केली तर हात तोडायची शिक्षा त्या वर्षी थांबवली. त्याच सुमारास सीरियात प्लेगची साथ आली. उमर तिकडेच निघाले होते, सर्गपर्यंत पोचून मागे फिरले. तिथले सेनापती अबू उबैदा म्हणाले, अल्लाहच्या नियतीपासून पळता? उत्तर असं, की उंट घेऊन दरीत उतरलास, एक बाजू हिरवी आणि एक उजाड, तर हिरव्या बाजूला चारणंही नियतीच नव्हे का? अबू उबैदा सीरियातच राहिले आणि त्या साथीत गेले.

आता शेवटचे काही दिवस, ज्यांच्यासाठी मी हे पुस्तक दोनदा वाचलं. नोव्हेंबर ६४४. उमर यांनी इराकचे ते दोन मोजणीदार समोर उभे केले आणि विचारलं, जमिनीवर तिला पेलणार नाही इतका बोजा तर टाकला नाहीत ना? ते म्हणाले, नाही, पेलेल इतकाच आहे. पुन्हा विचारलं, नीट बघा. पुन्हा तेच उत्तर. याच सुमारास फिरोज नावाचा एक इराणी गुलाम, सुतारकाम आणि लोहारकाम जाणणारा, आपली तक्रार घेऊन आला, की माझा मालक माझ्या कमाईतून रोज घेतो ते फार होतं. उमर यांनी त्याला विचारलं, काय काय येतं तुला? त्याने सांगितलं. मग एवढ्या हुन्नरांना हे जास्त नाही, असं म्हणून त्यांनी निकाल दिला. जमिनीसाठी दोनदा विचारणाऱ्याने या माणसाला एकदाच विचारलं. चरित्रकार या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर सांगतात. मला त्या एकाच पानावर दिसतात.

पहाटेच्या नमाजात फिरोजने उमर यांच्यावर दुधारी खंजीर चालवला. पाजलेलं दूध जखमेतून बाहेर आलं तेव्हा ते वाचणार नाहीत हे सगळ्यांना कळलं. कोणी मारलं, हे कळल्यावर उमर यांना हायसं वाटलं, की मारणारा मुसलमान नाही. पुढचा खलिफा निवडायला सहा जणांची समिती नेमली आणि मुलाला सल्ल्यापुरतं बसवलं, उमेदवार म्हणून नव्हे. मग मुलाला म्हणाले, माझ्यावर कर्ज किती आहे ते बघ. मोजलं तर शहाऐंशी हजारांच्या आसपास निघालं. घरच्या मालमत्तेतून फेड, कमी पडलं तर कुळाकडून घे, मग कुरैशांकडून, त्यापलीकडे जाऊ नकोस.

वाळवंटात, अल-उलाजवळच्या एका खडकावर कोणा जुहैरने कोरून ठेवलंय, की उमर वारले त्या वेळी त्याने हे लिहिलं, वर्ष चोवीस. दोनशे वर्षांनंतरचा इतिहासकार नव्हे, त्याच काळातला, वाटेवरचा एक माणूस. सन तोच, पासष्ट मेंढ्यांच्या पावतीवरचा.

राहिली एक गोष्ट. पैगंबरांच्या शेजारी दफन व्हावं अशी इच्छा होती आणि ती जागा पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्या घरात होती. त्यांनी मुलाला पाठवलं. बजावलं, की 'अमीरुल मोमिनीन' म्हणू नकोस, आज मी कोणाचा अमीर नाही. उमर विचारतो, एवढंच म्हण. आयेशा रडत होत्या. ती जागा त्यांनी स्वतःसाठी ठेवली होती, तरी हो म्हणाल्या. मुलगा परतला तेव्हा उमर यांनी स्वतःला उठवून बसवायला लावलं, उत्तर ऐकलं आणि सांगितलं, की मी गेल्यावर मला उचलून नेशील तेव्हा दारात थांब आणि पुन्हा विचार. मी जिवंत असताना भिडेने हो म्हटलं असेल. नाही म्हणाल्या, तर सगळ्यांच्या कबरस्तानात ने.

अब्दुल्लाहने जनाजा दाराशी थांबवला आणि पुन्हा विचारलं.